नाताळ : दिवस कोणाचा, पंगत कोणाची?

१

गेल्या डिसेंबरात तास संपता संपता वर्गातल्या एका मुलीने मला विचारले, "सर, नाताळ मुळात ख्रिस्ती लोकांचा सणच नाही, तो रोमन लोकांच्या सूर्यदेवाचा, असं म्हणतात. खरं आहे का?" कोणीतरी पाठविलेला मजकूर तिच्याकडे होता. त्यात एवढेच नव्हते. सण उसना म्हणजे धर्मही उसना, तेव्हा ज्यांच्या बापजाद्यांनी धर्म बदलला त्यांनी आता मूळ घरी परत यावे, असा त्याचा शेवट होता. मुलगी मातंग समाजातली. आईचे माहेर ख्रिस्ती. सुटीत ती मामाकडे जाणार होती आणि हे मामाला सांगावे की सांगू नये, या पेचात होती. तेवढ्यात घंटा झाली. "नंतर सांगतो," असे म्हणून मी वर्गाबाहेर पडलो.

खरे तर हा प्रश्न मला नवा नव्हता. मी कर्वेनगरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो, इतिहास शिकवतो. माझ्या घराण्यात माझ्याआधी कोणी पदवी घेतलेली नाही. आजोबांनी बाबासाहेबांच्या मागे बुद्धाचा धम्म घेतला. त्यांची थोरली बहीण मात्र नेवासे तालुक्यातल्या एका ख्रिस्ती घरात दिलेली होती. पूर्वाश्रमीची जात एकच असल्याने सोयरिकी तुटल्या नव्हत्या. लहानपणी नाताळला आम्ही त्या आजीकडे जात असू. दारावर कागदाची चांदणी, चुलीवर करंज्या, रात्री भजन. पहाटे देवळात (आजी चर्चला देऊळच म्हणे) जाण्याआधी ती अंगणात येई, उगवतीकडे तोंड करी आणि हात जोडी. काका म्हणत, "आई, हे आपल्यात नसतं." आजी म्हणे, "सूर्याला कुठं जात असती रं?"

आजीचे हे हात जोडणे आणि त्या मुलीचा प्रश्न एकाच इतिहासातून आलेले आहेत. म्हणून तासाला न दिलेले उत्तर इथे सविस्तर देतो.

२

प्रथम पुरावा पाहू. बायबलात येशूच्या जन्माची तारीख नाही. चार शुभवर्तमानांपैकी मार्क आणि योहान यांच्यात जन्मकथाच नाही. मत्तय आणि लूक यांच्यात ती आहे, पण महिना नाही, दिवस नाही. आरंभीच्या ख्रिस्ती समाजाला या गोष्टीचे फारसे महत्त्वही वाटत नव्हते. ते हुतात्म्यांचा मृत्युदिन पाळीत. तिसऱ्या शतकातला ओरिजेन हा पंडित तर वाढदिवस साजरे करणे हे फॅरो आणि हेरोद यांच्यासारख्या पापी राजांचे काम मानतो. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट इसवी सन २०० च्या सुमारास येशूच्या जन्माविषयी लोक सांगत असलेल्या निरनिराळ्या तारखा नोंदवतो. त्यात २५ डिसेंबर नाही.

या तारखेचा पहिला भक्कम पुरावा रोममध्ये मिळतो. ३५४ साली तयार झालेल्या एका पंचांगवजा ग्रंथात ख्रिस्ती हुतात्म्यांची यादी आहे. ती मूळची ३३६ च्या सुमाराची. तिच्या आरंभीच २५ डिसेंबरसमोर येशूच्या बेथलेहेममधल्या जन्माची नोंद आहे. त्याच ग्रंथात नगराचे वेगळे पंचांग आहे आणि तिथे त्याच तारखेसमोर 'अजिंक्या'चा जन्मदिवस व त्यानिमित्त ३० रथशर्यती लिहिल्या आहेत. हा अजिंक्य म्हणजे 'सोल इन्विक्टस', अजिंक्य सूर्य. सम्राट ऑरेलियन याने २७४ साली रोममध्ये त्याचे भव्य मंदिर उभारले होते. रोमन परंपरेत २५ डिसेंबर हा हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस मानला जाई. त्यानंतर दिवस मोठा होऊ लागतो, सूर्य पुन्हा जन्मतो. आपल्याकडे मकरसंक्रांतीमागेही उत्तरायणाची हीच कल्पना आहे.

आपला शब्दही याला साक्षी आहे. 'नाताळ' हा शब्द मराठीत पोर्तुगीज 'नाताल'वरून आला आणि तो लॅटिन 'नातालिस'वरून, म्हणजे जन्मदिवस. त्या रोमन पंचांगात सूर्याच्या जन्माची नोंद याच शब्दाने केलेली आहे. नेवाशाच्या आजीच्या तोंडी रोमच्या पंचांगातला शब्द होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

मग मजकूर खरा का? अर्धा. दुसरी बाजूही अभ्यासकांनी मांडलेली आहे. येशूचा मृत्यू २५ मार्चला झाला अशी समजूत पश्चिमेकडील ख्रिस्ती समाजात तिसऱ्या शतकाच्या आरंभापासून दिसते. महापुरुष ज्या दिवशी मरतो त्याच दिवशी तो गर्भात येतो, अशी एक श्रद्धा होती. २५ मार्चपासून नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर येतो. शिवाय सूर्याचा उत्सव या तारखेला होई याचा स्पष्ट पुरावा त्याच ३५४ च्या ग्रंथातला, त्याआधीचा नाही. तेव्हा कोणी कोणाचा दिवस घेतला हे ठामपणे सांगता येत नाही. मिथ्र या देवाचा जन्म २५ डिसेंबरचा, असे सर्रास छापले जाते, त्याला प्राचीन आधार नाही. सजविलेले झाड तर रोमन नव्हेच. ती चाल जर्मन भाषिक प्रदेशात सोळाव्या शतकाच्या सुमारास दिसू लागते.

पण दोन श्रद्धा एकमेकींत मिसळल्या होत्या, हे निश्चित. पाचव्या शतकाच्या मध्यावर पोप पहिला लिओ एका नाताळच्या प्रवचनात तक्रार करतो की काही ख्रिस्ती लोक संत पीटरच्या देवळाच्या पायऱ्या चढून जातात आणि आत शिरण्याआधी मागे वळून उगवत्या सूर्याला नमस्कार करतात. हा उल्लेख मी प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसलो. दीड हजार वर्षांपूर्वी रोममध्ये कोणीतरी काका होता आणि कोणीतरी आजी होती.

३

आता दुसरा प्रश्न. नाताळाचे मूळ काढतो कोण, आणि कशासाठी?

'पेगन' हा शब्दच तपासून पाहा. लॅटिन 'पागानुस' म्हणजे खेडवळ. ख्रिस्ती झालेल्या लोकांनी जुन्या देवांना धरून राहिलेल्यांना हे नाव दिले. जिंकलेल्याने हरलेल्याला दिलेले ते नाव आहे. अशा नावांची आपल्याला चांगली ओळख आहे.

पुढे हेच नाव ख्रिस्ती लोकांनी एकमेकांना मारून फेकले. धर्मसुधारणेनंतर कडव्या प्रॉटेस्टंटांनी नाताळावर पहिला हल्ला केला. बायबलात ज्याचा आधार नाही तो सण पेगन आणि पोपचा, असे त्यांचे म्हणणे. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ साली नाताळ बंद केला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरविला, तो १६८१ पर्यंत कायद्यात होता. तिथे नाताळची अधिकृत सुटी व्हायला १८५६ साल उजाडले.

ही माहिती महाराष्ट्राच्या इतिहासाशी थेट निगडित आहे. १८१३ साली मुंबईत आलेले आणि १८३१ पासून अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात पाय रोवलेले अमेरिकन मिशनरी याच न्यू इंग्लंडच्या परंपरेतले. ज्या मिस सिंथिया फरार यांच्या नगरच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना स्त्रीशिक्षणाची प्रेरणा मिळाली, त्या १८२७ साली इकडे आल्या तेव्हा त्यांच्या पंथात नाताळाला मोठा सण मानण्याची रीत नव्हती. म्हणजे नगरकडच्या महार-मांगांना धर्म देणाऱ्या मिशनने आपल्या घरून नाताळ बांधून आणला, असे झालेले नाही. फराळ, चांदणी, टाळ-मृदंगाचे भजन घालून तो इथल्या माणसांनी उभा केला. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगाच्या वाणीत आणले. त्यांच्या आधी जवळजवळ तीन शतके, १६१६ साली, गोव्यात फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' ओवीत छापले गेले होते. जुनी पुराणे काढून घेतलेल्या नवख्रिस्त्यांना ऐकायला दुसरे काही हवे होते, ही त्याची एक प्रेरणा होती. माणसे देव बदलतात, पण ओवी सोडीत नाहीत.

आता 'मूळ घरी परत या' म्हणणाऱ्यांना एक विचारावे. सणाला आधीचे मूळ असणे हा जर दोष असेल तर तुमच्या घरातला कोणता सण त्यातून सुटेल? दिवाळीचा पाडवा बळीचा. कथा वामनाची सांगायची आणि उंबऱ्यावर बायकांनी बळीचे राज्य येवो असे म्हणायचे, हे शतकानुशतके चालले आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त नेमके या फटीत बोट घातले, आणि वामनाच्या पायाखालचा बळी आमचा राजा होता असे सांगितले. पंढरीचा विठोबा मुळात गवळी-धनगरांचा देव, असे रा. चिं. ढेरे यांनी साधार मांडले. मग परत जायचे ते घर कोणते? वामनाचे की बळीचे?

मूळ शोधणे चूक नाही. जोतीरावांनी मूळ शोधले ते दडपलेल्याला त्याचा राजा परत देण्यासाठी. त्या मजकुराने मूळ शोधले ते दडपलेल्याला गावकीत परत आणण्यासाठी. पुरावा एकच असला तरी तो कोणाच्या हातात आहे, हे पाहणे प्राप्त आहे.

४

रोमन लोकांचा डिसेंबरातला आणखी एक सण होता, सॅटर्नेलिया. १७ डिसेंबरला सुरू होऊन तो बरेच दिवस चाले. या दिवसांत गुलामांना मोकळीक असे. ते उघड जुगार खेळत, धन्याला तोंडावर बोलत, आणि काही घरांत धनी गुलामांना जेवायला वाढीत. दास्यमुक्त माणसाची टोपी सगळेच घालत. वर्णन वाचताना गंमत वाटते. पण सण संपला की टोपी उतरे आणि गुलाम पुन्हा गुलाम होई. ज्या समाजाने हा सण पाळला त्याने गुलामगिरी सोडली नाही. उलट, वर्षातून एकदा वाफ जाऊ दिली की भांडे फुटत नाही, हे त्याला कळले होते.

आपल्या गावगाड्याला हे सॅटर्नेलियाचे तंत्र ठाऊक होते. कित्येक गावांत पाटलाची होळी महारवाड्यातल्या विस्तवाने पेटे. तो महाराचा मान. लग्नकार्यात, जत्रेत असे आणखी मान असत. आमच्या आजोबांच्या पिढीने ते अभिमानाने सांगितलेले मी ऐकले आहे. पण होळीला ज्याचा विस्तव चाले, त्याचा पाण्याला हात लागलेला दुसऱ्या दिवशी चालत नसे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक आणले ते मानाच्या नावाखाली चाललेली ही वेठ तोडण्यासाठी.

या पार्श्वभूमीवर नाताळचा ख्रिस्ती अर्थ पाहावा. लूकने सांगितलेली कथा एका दिवसाच्या उलथापालथीची नाही. शिरगणतीच्या सरकारी हुकुमाने गाव सोडावे लागलेले जोडपे, उतारशाळेत जागा नाही, म्हणून मूल गोठ्यातल्या गव्हाणीत. वार्ता प्रथम कळते ती रात्री मेंढरे राखणाऱ्यांना. आणि मूल पोटात असताना मरिया जे गीत गाते त्यात देव सत्ताधीशांना आसनावरून खाली ओढतो, दीनांना वर उचलतो, भुकेल्यांना तृप्त करतो आणि श्रीमंतांना रिकाम्या हाती पाठवतो. ज्याला गावात जागा नाही त्याच्या घरी मुक्तिदाता जन्मला, हा त्या कथेचा गाभा आहे. दुष्काळात होरपळलेल्या, गावकुसाबाहेरच्या माणसाला ही कथा कोणी समजावून सांगावी लागली नसेल.

पण हाही इतिहास पुरा सांगितला पाहिजे. ज्या चौथ्या शतकात नाताळ रोमच्या पंचांगात बसला त्याच शतकात चर्च राजाच्या शेजारी बसले. कॉन्स्टंटाइनने ३२१ साली सूर्याचा वार सुटीचा ठरविला, ३८० साली ख्रिस्ती धर्म साम्राज्याचा धर्म झाला, आणि शतक संपण्याआधी जुन्या देवांची पूजा गुन्हा ठरली. गव्हाणीतले मूल सिंहासनावर गेले आणि आसनावरून खाली ओढण्याचे गीत सत्ताधीशच ऐकू लागले.

आपल्या देशात चर्चच्या आसनावर जात बसली. दक्षिणेत दलित ख्रिस्त्यांची बाके वेगळी, दफनभूमी वेगळी. महाराष्ट्रात भिंती इतक्या उघड नसल्या तरी सोयरिकीच्या वेळी जुनी जात विचारली जाई आणि आजही विचारली जाते. धर्मांतराने अस्पृश्य ख्रिस्त्यांची जातीतून सुटका झाली नाही, अशी परखड टीका बाबासाहेबांनी केली आहे. लक्ष्मीबाई टिळकांसारख्या एखाद्या बाईने आपल्या मनातले सोवळे कसे गेले ते 'स्मृतिचित्रे'त प्रांजळपणे लिहिले, पण असे प्रांजळ लोक थोडे. सरकारनेही यात आपला वाटा उचलला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती दलिताला मिळाला नाही. २०२२ साली या प्रश्नावर केंद्राने एक आयोग नेमला. माझ्या आजीच्या नातवंडांना जातीची वागणूक मिळते, जातीचा दाखला मिळत नाही. मूळ शोधणाऱ्या मजकुराला त्यांच्या सणाची एवढी काळजी, पण या दाखल्याविषयी त्यात एक ओळ नव्हती.

५

आता २५ डिसेंबरकडे पुन्हा येऊ, कारण महाराष्ट्रात या तारखेला आणखी एक जन्म आहे.

ब्रिटिश अमदानीत कोर्टकचेऱ्या नाताळात बंद असत. म्हणून काँग्रेसची अधिवेशने आणि कितीतरी परिषदा डिसेंबरच्या अखेरीस भरत. १९२७ साली याच सुटीच्या दिवसांत काँग्रेस मद्रासला भरली आणि महाडला सत्याग्रह परिषद भरली. बाबासाहेब मुंबईहून 'पद्मावती' बोटीने दासगावला उतरले आणि तिथून माणसे पायी महाडला निघाली. परिषदेला जागा कोणी देईना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. चवदार तळ्यावर कोर्टाचा मनाई हुकूम होता. २५ डिसेंबरच्या रात्री तिथे मनुस्मृती जाळली गेली. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. तारीख मुद्दाम नाताळची निवडली असे मी म्हणत नाही. ती सुटीने दिली. पण जेत्यांच्या धर्माने दिलेल्या सुटीत आपल्या माणसांनी आपला दिवस निर्माण केला. महाडच्या वेदीत कोणाला एक दिवसाची टोपी दिली गेली नाही. ज्या पुस्तकाच्या आधाराने टोपी उतरवली जाई, ते पुस्तकच जाळले गेले. आता कितीतरी संघटना हा दिवस स्त्रीमुक्तीचा दिवस म्हणून पाळतात आणि ते योग्यच आहे.

मी राहतो ती जागाही या गोष्टीपासून दूर नाही. कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. त्यातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ साली तिच्याशी धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला. त्याच वर्षी सदनातल्या मुली ख्रिस्ती होतात म्हणून पुण्यात गदारोळ उठला आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून घेतल्या. रमाबाई केडगावी गेल्या, तिथे मुक्तिसदन उभे राहिले, दुष्काळातल्या अनाथ बायका-मुली त्यांनी आणल्या. कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर आला. आज त्या माळावर हजारो मुली शिकतात. एकीने धर्म सोडला, एकाने धर्मात राहून पाऊल उचलले, पण दोघांनाही झगडावे लागले ते एकाच स्मृतीशी. शूद्र आणि स्त्री यांच्याविषयी सगळी शास्त्रे एकमत आहेत, हे रमाबाईंनी शास्त्रे वाचून सांगितले होते. महाडच्या आधी ते त्यांना दिसले होते.

बाबासाहेबांनी १९५६ साली दीक्षेसाठी विजयादशमीच घेतली. दिवस जुना, त्यावर कितीतरी पुराणे साचलेली. त्यांनी त्या दिवसाचे नाते अशोकाशी जोडले, आणि आज नागपूरला येणारा माणूस त्या दिवशी रावण पाहायला येत नाही. जुन्या दिवसाला नवा अर्थ देणे जर फसवणूक असेल तर आपणही फसवे ठरू. ती फसवणूक नाही. श्रमणारी माणसे रिकाम्या जागेवर घर बांधत नाहीत, त्यांना रिकामी जागा मिळतच नाही. असतील त्या दगडांनीच ती बांधतात.

पण म्हणून प्रत्येक नवा अर्थ चांगला, असेही नाही. रोमच्या चर्चने सूर्याच्या दिवसाला अर्थ दिला तेव्हा काही माणसांचे देव गेले. तेव्हा सणाची कसोटी त्याच्या जन्मदाखल्यात नाही. त्याच्या पंगतीत आहे. त्या दिवशी कोण कोणाशेजारी बसते, कोण बाहेर उभे राहते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाचे काय बदललेले असते, हे पाहावे. ही कसोटी नाताळाला लावावी, दिवाळीला लावावी आणि आपल्या जयंतीलाही लावावी. आपल्या मिरवणुकीत मातंग वस्ती कुठे असते, आपल्या बायका कितव्या रांगेत असतात, हे आपण एकमेकांना विचारत नाही. विचारले पाहिजे.

सुटीनंतर ती मुलगी भेटली तेव्हा मी तिला यातले थोडे सांगितले. तारीख सूर्याची असू शकते, सिद्ध झालेले नाही, आणि झाले तरी मामाच्या श्रद्धेचे त्याने काही बिघडत नाही. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग सर, मामाला काय सांगू?" मी म्हणालो, "त्या दिवशी महाडला काय झालं ते सांग. आणि त्याच्या चर्चमध्ये पुढच्या बाकावर कोण बसतं ते त्याला विचार." ती म्हणाली, "ते विचारलं मी. तो म्हणाला, आम्ही मागंच बसतो."